आजीच्या डब्यातले काळे दागिने: घरी साफ कसे करायचे आणि कुठं थांबायचं

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या आत्याच्या घरात जिन्याच्या अर्ध्यापर्यंत पाणी होतं. माणसं वर गेली, गॅसची टाकी वर गेली, शाळेचे दाखले आणि सातबारे वर गेले, पण कॉटखालची पत्र्याची ट्रंक राहिली ती राहिलीच. पाणी उतरल्यावर उघडली तर तळाला बोटभर चिखल, चिखलात डबा, डब्यात आजीचे दागिने. चांदीचे तोडे कोळशासारखे काळे, दोन पितळी कडी हिरवीगार, बोरमाळेचा दोरा कुजलेला, नथीच्या तारेत माती अडकलेली.

मी तेव्हा काय केलं असेल? व्हिडिओ बघितला, पातेल्यात पाणी उकळलं, सोडा टाकला आणि सगळं एकदम आत सोडलं. तोडे झाले बरं का पांढरे. पण बोरमाळेच्या मण्यांमधून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर यायला लागलं आणि दोन मणी चेपल्यासारखे झाले. ती लाख होती. जुन्या बोरमाळेचे मणी म्हणजे वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि लाख ७०-८० डिग्रीच्या आसपास मऊ होऊन वाहायला लागते हेही नाही. आत्या काही बोलली नाही, पण तिनं नुसतं बघितलं ना, ते अजून आठवतंय.

त्यानंतर मी हे सगळं नीट शिकून घेतलं, थोडं आमच्या सोनारकाकांकडून, थोडं गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या मामाकडून, थोडं वाचून आणि बरंचसं चुका करून. आता ओळखीतलं कुणी ना कुणी डबा घेऊन येतंच, जरा बघ की गं हे म्हणून. तर ज्यांनी आजवर जुन्या दागिन्याला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी हे काळं म्हणजे काय ते समजून घ्या

चांदीवरचं काळं म्हणजे मळ नाही. हवेतल्या गंधकाच्या वायूशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तो हा काळा थर. आधी पिवळसर पडतं, मग तपकिरी, निळसर, शेवटी काळं. पुराच्या चिखलाला, गटारीला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे आत्याचे तोडे आठवड्यात का काळे झाले त्याचं उत्तर त्या वासातच होतं. आणि आपल्याकडं अजून एक कारण आहे जे पुण्यामुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही, द्राक्षबाग. तासगाव, मिरज, पलूस, इकडं भुरी रोगासाठी बागेत गंधक मारतात, आणि बागेत काम करणाऱ्या बायकांची जोडवी-पैंजण काळी पडतात, मग घरात कुणीतरी म्हणतंच की अंगात उष्णता आहे म्हणून चांदी काळी पडते. घामाचा थोडा हात असतोच म्हणा, पण फवारणी झालेल्या बागेत दिवसभर राबल्यावर उष्णतेला दोष कशाला द्यायचा.

माझा मामा विट्याकडचा. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, देशभर पसरलीत, मामाचीही हयात तमिळनाडूत गेली. मी तोडे घासत बसले होते आणि कापड काळं झालेलं त्याला दाखवून म्हटलं बघ केवढी घाण निघाली, तर म्हणाला, "घाण कसली पोरी, चांदीच हाय ती. आमी असली कापडं बी जाळून चांदी काढतो." आणि ते खरं आहे, सिल्व्हर सल्फाइडमध्ये वजनानं ८७ टक्के चांदीच असते. थर अगदी पातळ असतो, एकदा पुसल्यानं वजनकाट्यावर काही कळणार नाही, पण दर दिवाळीला वीस वर्षं घासलं की आधी बारीक नक्षी जाते, मग फुलांच्या कडा गोल होतात, मग कड्याच्या आत सोनारानं मारलेलं चिन्ह जातं.

सोन्याचं वेगळं. शुद्ध सोनं काळं पडत नाही, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो, २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदी, काळवंडतं ते हे बाकीचं. डाग (झाळ दिलेला जोड) जिथं असतो तिथं जास्त, कारण तिथं मिसळ जास्त. तांबं आणि पितळ हिरवं पडतं. लोखंड गंजतं, आणि जुन्या दागिन्यात लोखंड कुठलं असं वाटेल तर फिरकीची स्प्रिंग आणि ब्रोचची पिन बघा.

पहिलं काम: पाणी नाही, टेबल

खिडकीजवळ टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. त्यावर एकेक दागिना ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, जवळून. हे कंटाळवाणं वाटतं पण नंतर खडा हलला की आधीच हलत होता हे त्या फोटोतच कळतं, आणि घरात भांडणं कमी होतात. छोटा काटा असेल तर वजन लिहून ठेवा. लोहचुंबक फिरवा, सोनं, चांदी, तांबं, पितळ चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे.

मग मोबाईलचा कॅमेरा झूम करून नीट बघा. खडे बसवलेत का, मोती आहेत का, मीनाकारी आहे का, दोऱ्यात ओवलंय का तारेत, मणी हाताला हलका लागतो का (हलका लागला तर पोकळ किंवा लाखेचा), कुठं वरचा सोनेरी रंग उडून खालचं पांढरं किंवा लाल दिसतंय का. लाल दिसलं तर तांब्यावर मुलामा, पांढरं दिसलं तर चांदीवर किंवा दुसऱ्या कुठल्या पांढऱ्या धातूवर. मुलामा असेल तर घासणं बंद, कारण तो थर इतका पातळ असतो की चार वेळा पुसला की संपला.

जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो म्हणून घाबरू नका. आपल्याकडं सोन्याचं हॉलमार्किंग सुरूच झालं २००० मध्ये आणि सक्तीचं झालं जून २०२१ पासून, आजीच्या पाटलीवर ते कुठनं येणार. कशाचं आहे हे कळत नसेल तर सराफाकडं कसोटीवर किंवा कॅरेट बघायच्या मशीनवर तपासून घ्या, अंदाजानं ॲसिड बिसिड लावून बघू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हे काळं मुद्दाम ठेवलेलं आहे का? चांदीच्या तोड्यात, कमरपट्ट्यात, दंडातल्या वाकीत नक्षीच्या खोलगट भागात काळं असतं म्हणून तर उठावाचा भाग दिसतो. काही वेळा कारागीर ते स्वतः करतात, काही वेळा पन्नास वर्षं वापरून येतं. ते सगळं काढलं की तोडा ॲल्युमिनियमचा दिसतो, माझे पहिल्यांदा तसेच झाले. सोनारकाका बघून म्हणाले, "तोडे धुतलेस काय त्यांचं तोंडच पुसलंस?"

जे पाण्यात घालायचंच नाही

इथं जरा थांबून वाचा, कारण नुकसान होतं ते सगळं याच यादीत होतं.

लाखेचे दागिने, म्हणजे बोरमाळ, जुन्या मंगळसूत्राच्या वाट्या बऱ्याचदा, काही साजाची पानं. गरम पाणी नाही, भिजत ठेवणं नाही, आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर अजिबात नाही कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश कसं करतात आठवा, लाख स्पिरिटमध्येच तर विरघळवतात. कोविडच्या काळात एका मैत्रिणीनं रोज सॅनिटायझरनं मंगळसूत्र पुसलं, वाटीच्या कडेनं चिकट पदर सुटला.

वज्रटीक आणि अशा कापडी पट्टीवर शिवलेल्या वस्तू. पट्टी ओली झाली की लाल रंग उतरतो, आत बुरशी येते. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, एवढंच. पट्टी खराब झाली असेल तर पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवून देणारा) नव्यानं करून घेता येते.

मोती. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्याच जातीचा, लिंबू-व्हिनेगरनं अक्षरशः विरघळतो, सोड्यानं मंद पडतो. नथ, बुगडी, चिंचपेटी यांना फक्त पाण्यात पिळून काढलेलं सुती कापड आणि मग कोरडं कापड. पोवळ्याचंही तेच, तेही कॅल्शियम कार्बोनेटच.

मागून बंद असलेले खडे. जुन्या कुंदनकामात किंवा मागून बंद कोंदणातल्या खड्यामागं चमक येण्यासाठी पातळ पत्रा बसवलेला असतो, जुने सोनार त्याला डाक म्हणतात. त्यात एक थेंब पाणी शिरलं की खडा आतून काळा आणि तो घरी परत उजळत नाही. पाचूला बहुतेक वेळा तेल मुरवलेलं असतं, गरम पाण्यानं आणि अल्ट्रासॉनिक मशीननं ते निघून जातं आणि आतल्या भेगा दिसायला लागतात. फिरोजा, ओपल सच्छिद्र, साबण पितात.

आणि राणीछाप रुपये ओवलेली माळ असेल तर नाणी घासू नका, कितीही काळी असोत. नाणी जमवणारे लोक घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतात. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. कोरड्या कापडानं धूळ काढा आणि सोडून द्या.

साधी धुलाई, जिनं निम्मं काम होतं

हे सोन्याच्या भरीव पाटल्या, गोट, चांदीची कडी, वाळे, जोडवी यांच्यासाठी. खडा नाही, लाख नाही, दोरा नाही असं काहीही.

मोरीत किंवा बेसिनमध्ये करू नका, हे मी हात जोडून सांगते. परातीत जुना टॉवेल अंथरायचा, त्यावर स्टीलचा किंवा काचेचा वाडगा ठेवायचा. पाणी कोमट, हाताला सुखद लागेल इतकंच. आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच भागात खारट, वाळलं की पांढरे डाग ठेवतं, त्यामुळं शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनं करा, इन्व्हर्टरच्या दुकानात कॅन मिळतो. फक्त नीट वाचून घ्या, पाणी हवंय, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमधून मिळतं.

पाण्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब, किंवा वास-रंग नसलेला सौम्य साबण. रिठ्याचं पाणीही चालतं, जुने सोनार सोनं रिठ्यानंच धुवायचे, दोन-तीन रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. मला स्वतःला सोन्यासाठी रिठाच आवडतो, चमक भडक येत नाही, जुनं सोनं जुनंच दिसतं. दागिना पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग बाळाच्या टूथब्रशनं हळू हळू, नक्षीच्या दिशेनं. जिथं ब्रश जात नाही तिथं बांबूच्या टूथपिकला ओला कापूस गुंडाळून. सुई, टाचणी, घासणीची तार नाही.

पूर-चिखल किंवा माती असेल तर ब्रशच्या आधी नुसत्या पाण्याखाली, खाली गाळणी धरून, माती आपोआप सुटू द्या, वेळ लागला तरी लागू दे. मातीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मापावर ७, आणि सोनं-चांदी २.५ ते ३. चिखल अंगावर असताना घासणं म्हणजे पॉलिशपेपरनं घासणं.

एक गंमत सांगते, सांगलीत राहून ही माहीत असायलाच पाहिजे. मंगळसूत्राच्या किंवा पाटलीच्या सांध्यात हळद अडकलेली असते, साबणाचं पाणी लागलं की ती लालभडक होते, आणि पहिल्यांदा बघणारी बाई किंचाळते की सोनं लाल झालं. काही झालेलं नाही. हळद अल्कलीत लाल होते, कुंकू पूर्वी हळदीला चुना लावूनच करायचे ना. धुवत राहा, जाते.

यानंतर दागिना कोरडा करून उजेडात बघा. खरं सांगते, निम्म्या वेळा इथंच काम संपतं. लोकांना पटत नाही कारण त्यांना दुकानातल्यासारखी चमक हवी असते.

चांदीचं काळं अजून काढायचं असेल तर

तीन रस्ते आहेत, सौम्यापासून सुरू करा.

पहिला, चांदी पुसायचं तयार कापड, सराफाकडं किंवा ऑनलाइन मिळतं. फक्त उठावाचा भाग पुसायचा, बोटाला कापड गुंडाळून, खोलगट भागात कोंबायचं नाही. कापड काळं होतं, होऊ द्या, ते धुवायचं नसतं.

दुसरा, बारीक कॅल्शियम कार्बोनेट. शाळा-कॉलेजच्या लॅबला केमिकल पुरवणाऱ्या दुकानात सुटी पावडर मिळते. डिस्टिल्ड पाण्यात दह्याएवढी दाट पेस्ट, कापसाच्या बोळ्यानं हलक्या हातानं, आधी आतल्या न दिसणाऱ्या बाजूला. मग खूप पाण्यानं धुवायचं, नाहीतर नक्षीत पांढरं सुकून बसतं आणि ते काढायला परत घासावं लागतं. फळ्याचा खडू कुटून वापरू नका, त्यात कचकच असते.

तिसरा, फॉइल आणि खायचा सोडा, तो सगळ्यांना माहीत असलेला. हा वाईट नाही, पण सरसकट नाही. काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात चपाती गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची, त्यावर चांदी अशी ठेवायची की फॉइलला टेकली पाहिजे, न टेकता काही होत नाही. एक लिटर गरम पाण्यात (उकळतं नको) एक मोठा चमचा खायचा सोडा विरघळवून ओतायचा. दोन-तीन मिनिटांत सडक्या अंड्याचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा, तो त्या गंधकाचाच वास. यात ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी चांदीच राहते, घासून निघत नाही, हा याचा चांगला भाग. वाईट भाग असा की उजळलेला पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत राहतो, थोडा निस्तेज पांढरा दिसतो आणि नंतर लवकर काळा पडतो, शिवाय नक्षीतलं काळं निवडून ठेवता येत नाही, सगळंच जातं. म्हणून मी हे फक्त साध्या, नक्षी नसलेल्या भरीव वस्तूंना करते, साधी जोडवी, वाळे, करंडा. तोड्यांना कधीच नाही. आणि पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही, रात्रभर ठेवणारे लोक बघितलेत मी.

घुंगरांच्या पैंजणाला तिन्हींतलं काहीही करताना लक्षात ठेवा की घुंगराच्या पोटात पाणी राहतं. हुपरीची (चांदीकामाचं गाव, कोल्हापूरकडचं) पैंजणं आपल्या भागात घरोघरी असतात, धुतल्यावर पाच मिनिटं हलवत राहायचं आणि मग दिवसभर पंख्याखाली, नाहीतर आठवड्यानं घुंगरू आतून काळं पाणी सोडतं.

बाटलीत मिळणारं बुडवायचं द्रव पण असतं. झटक्यात काम करतं, आणि तेवढ्याच झटक्यात जास्त होतं. त्यात ॲसिड आणि बऱ्याचदा थायोयुरिया असतो, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही आणि सुरुवात करणाऱ्यानं तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये असं माझं मत आहे.

हिरवं, पांढरं आणि गंज

पितळी-तांब्याच्या दागिन्यावर हिरवं दोन-तीन तऱ्हेचं असतं. मेणासारखं चिकट हिरवं हे तांबं आणि अंगावरचं तेल-घाम मिळून झालेलं, कानातल्याच्या मागं, हाराच्या कडीत जास्त. ते बांबूच्या काडीनं कोरडंच उचलून काढायचं, मग कापसाच्या काडीला खोबरेल तेलाचा थेंब लावून राहिलेलं मऊ करायचं, मग साबणाच्या पाण्याची पुसणी, मग पूर्ण कोरडं. हातमोजे घाला, तोंडाला मास्क, खाली कागद, आणि हिरवी पूड उडवायची नाही, ती पोटात-नाकात जायला नको. मुलं जवळ नकोत.

कडक, दगडासारखा गडद हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर तो खरंतर खालच्या धातूला सांभाळत असतो, राहू द्या. पण फिकट हिरवी, भुरभुरीत पूड पुन्हा पुन्हा एकाच जागी येत असेल तर ते क्लोराइडचं दुखणं, खारट ओलाव्यानं होतं, वरून पुसून जात नाही. तो दागिना वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, इतरांत मिसळू नका. आत्याच्या एका कड्याला हे झालंय, मी ते कोरडं ठेवते आणि दर पावसाळ्यात जेल बदलते, बस.

चिंच-मीठ, लिंबू-मीठ यानं देवाची भांडी लखलखतात, मान्य. पण मिठातला क्लोराइड नक्षीच्या फटीत राहिला तर हेच दुखणं ओढवून घेता. तांब्याचा लोटा पाच मिनिटांत धुवून होतो, दागिन्याच्या सांध्यातलं मीठ निघत नाही.

जुन्या स्वस्तातल्या मुलाम्याच्या दागिन्यावर पांढरी भुकटी दिसली तर घासू नका. जुन्या झाळात, ओतीव बैठकीत शिसं असायचं, आणि शिसं गंजलं की पांढरी पूड होते, ती विषारी. पिशवीत घालून सोनाराला दाखवा, लहान मुलीला खेळायला म्हणून तर मुळीच देऊ नका.

गंजलेली स्प्रिंग, पिन: कोरडा ब्रश, मग टाचणीच्या टोकावर येईल एवढं शिलाई मशीनचं तेल. संपलं.

हे घरातलं काहीही लावू नका

टूथपेस्ट, कारण त्यात घासणारे कण असतात आणि बारीक ओरखडे पडून ती चमक येते. रांगोळी, राख, विटेची भुकटी, वर सांगितली तीच वाळूची कहाणी. तांब्यापितळेची भांडी घासायची पावडर, तिच्यात आंबट पण असतं आणि कचकच पण. कपड्याचं ब्लीच सोन्याच्या मिश्रधातूला आणि चांदीला दोघांनाही खातं. आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड कुणीतरी सुचवतंच, दागिना राहू दे बाजूला, ते चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो, माणसाचाच जीव घुसमटतो.

आणि दारावर येणारे पॉलिशवाले. दोघं येतात, आधी तुमची समई फुकटात चकचकीत करून दाखवतात, मग म्हणतात काकू पाटल्या पण द्या की. त्यांच्या भांड्यात जे पाणी असतं ते ॲसिडचं मिश्रण असतं, ज्यात सोनं विरघळतं, पाटली परत मिळते चमकदार पण दोन-चार ग्रॅम हलकी. काही वेळा हळदीच्या पाण्याचा डबा देतात, दहा मिनिटांनी उघडा म्हणतात, आणि उघडल्यावर आत काहीच नसतं. भरदुपारी घरात एकटी म्हातारी माणसं असतात तिथं हे जास्त होतं. दार उघडू नका, आजीला आधीच सांगून ठेवा.

वाळवणं आणि ठेवणं

यात लोक घाई करतात. पुसला, डब्यात टाकला, महिन्यात परत काळा. मऊ सुती कापडानं (आमच्याकडं आजोबांच्या धोतराचे तुकडे ठेवलेत, त्याच्यासारखं कापड नाही) टिपून घ्या, घासू नका, मग टॉवेलवर पंख्याखाली तीन-चार तास. हेअर ड्रायर वापरलाच तर गार हवेवर. उन्हात नको, लाखेला आणि मोत्याला ऊन सोसत नाही.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळा. सोनं-चांदी-मोती एका डब्यात टाकले की खडे मोत्यांना चरे पाडतात. चांदी मऊ सुती कापडात गुंडाळून झिप लॉकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, बरोबर सिलिका जेलची पुडी. मोती मात्र हवाबंद पिशवीत नको, साध्या सुती थैलीत. रबरबँड बांधू नका, रबरात गंधक असतं, चांदीवर त्याची काळी रेघ उमटते, मी स्वतः बघितलीय. लोकरीचं कापडही तसंच, गंधकवालं. गुलाबी कागदात गुंडाळून देतात ना सराफ, तो कागद ओला झाला की रंग सोडतो, महिनोन्महिने त्यात ठेवू नका. आणि नदीकाठी राहत असाल तर डबा कॉटखाली नाही, माळ्यावर. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा आत्याचा डबा माळ्यावर होता.

सोनाराकडं कधी जायचं

खडा हलत असेल, जोड सुटला असेल, दोरा कुजला असेल, मुलामा उडाला असेल, डाक काळी पडली असेल, किंवा चांदीवर जांभळट-राखाडी खडबडीत पापुद्रा असेल जो कापडानं हलतच नाही. हा शेवटचा थर बहुतेक क्लोराइडचा असतो, जमिनीत किंवा चिखलात वर्षानुवर्षं राहिलेल्या चांदीवर येतो, खरवडला तर खालची नक्षी त्याच्याबरोबर येते. जाताना मोबाईलमधले ते पहिल्या दिवशीचे फोटो दाखवा, समोर वजन करून पावतीवर लिहून घ्या, आणि स्पष्ट सांगा की बफिंग मशीन (घासून चकचकीत करायचं) लावायची नाही, फक्त दुरुस्ती. सवयीनं लावतात ते, त्यांना वाटतं गिऱ्हाईकाला चमकच पाहिजे.

आमची बोरमाळ अशीच गेली होती. सोनारकाकांनी दोन मण्यांत नवी लाख भरून दिली, चेप थोडा राहिलाच, आणि पटवेकऱ्यानं काळ्या-लाल दोऱ्यात परत गाठवून दिली. आत्या ती संक्रांतीला घालते आणि चेपलेले दोन मणी मानेमागं जातील अशी फिरवून घेते. तोडे मात्र आता परत हळूहळू काळे पडायला लागलेत, नक्षीच्या आतून, आणि मी वर्षातून एकदा फक्त वरचा भाग कापडानं पुसते. मागच्या दिवाळीला मामानं हातात घेऊन बघितले, नखानं एक फूल चाचपलं आणि म्हणाला, "आता बरं दिसाय लागलंय बघ."